कपाटाजवळचे गुलाब

सुवर्णाने प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि ती थेट आपल्या टेबलाकडे गेली. काल ठेवलेले टवटवीत गुलाब आजही पाकळ्या गाळून बसले होते.

विद्यापीठाचं उन्हाळी विज्ञान शिबिर नाशिकच्या एका कॉलेजात भरलं होतं. सुवर्णाच्या घरचा मखमलाबादला गुलाबाचा मळा, म्हणून तोडलेलं फूल कोणत्या पाण्यात जास्त टिकतं, हा प्रयोग तिने निवडला होता. पण साधं पाणी असो की साखरेचं, सगळ्या फुलांची एकच गत! शिबिरप्रमुख देवरे सर वैतागले होते. तू पाणी बदलायचा आळस करतेस, असं सुनावून त्यांनी बजावलं होतं, की हा कचरा परवाच्या प्रदर्शनात दिसता कामा नये. आणि प्रदर्शनाला बाबा येणार होते, ऐन मे महिन्यात मळ्यातलं काम टाकून. त्यांना रिकामं टेबल कसं दाखवायचं?

तिच्या गटातल्या नाशिक रोडच्या योगेशने भुताची शंका काढली. तो गप्प बसला तर त्याला ताप आलाय असं समजायचं. इंदिरानगरची प्रतिभा मात्र टेबलाकडे टक लावून बघत होती.

"कपाटाजवळची फुलं आधी गळतात. खिडकीजवळची शेवटी," ती म्हणाली.

तिघांनी कपाटाकडे पाहिलं. त्याला भलंमोठं कुलूप होतं आणि वर पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'धोका! विषारी रसायने'.

म्हणजे विषारी वायू गळतोय, आणि आपण रोज तोच हुंगतोय? योगेशचीही बोलती बंद झाली. तिघं धावत सरांकडे गेली. सर ऐकताच गडबडले. काही गळत नाही म्हणाले आणि कपाटाकडे फिरकायचं नाही, अशी तंबी दिली. धोका नव्हता, तर सर एवढे का दचकले? सुवर्णाला काही हे पटेना.

नाकाला रुमाल लावून ती कपाटापाशी गेली. दाराच्या फटीतून पेंढ्याची काडी डोकावत होती. तिने हळूच रुमाल काढला, आणि तो ओळखीचा गोड वास आला. आत पेंढ्यात पिकायला आंब्यांची आढी घातली होती!

योगेश लगेच कुलूप तोडायला निघाला.

"तोडलंस तर आपण चोर ठरू," सुवर्णा म्हणाली. "आणि आंब्यानेच फूल गळतं, हे आधी सिद्ध तर होऊ दे."

प्रतिभाच्या घरी त्यांनी दोन बरण्यांत एकेक ताजा गुलाब ठेवला. एकीत सोबत पिकता आंबा घातला आणि झाकणं घट्ट लावली. दोन्ही फुलं तशीच राहिली तर सगळंच मुसळ केरात! सुवर्णाला रात्रभर धड झोप लागली नाही.

प्रयोगशाळेतच भरलेल्या प्रदर्शनात विद्यापीठाच्या मॅडम टेबलं बघत आल्या. सुवर्णाचे बाबा टोपी हातात घेऊन मागे उभे होते. सर मॅडमना पुढे नेणार, तोच सुवर्णाने बरण्या समोर ठेवून प्रयोगशाळेत रोज फुलं कशी गळत होती ते सांगितलं. एकीतला गुलाब ताठ होता. आंब्याजवळच्याच्या पाकळ्या तळाशी पडल्या होत्या.

"शाब्बास! पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात, त्याचाच हा परिणाम," मॅडम म्हणाल्या. "पण प्रयोगशाळेत आंबा कुठून आला?"

"फुलं कपाटाच्या बाजूनेच आधी गळायची. आत काय आहे ते सरांना माहीत," सुवर्णा चाचरत म्हणाली.

सरांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कपाटाचं दार उघडलं आणि खोलीभर घमघमाट सुटला. पोरांनी आपले आंबे फस्त करू नयेत म्हणून ती पाटी त्यांनीच लावली होती.

"सुवर्णा, आळस तुझा नव्हता, माझा होता," ते म्हणाले. "मी न बघताच बोललो."

मग आंबे सगळ्यांना वाटले गेले. बाबांनी मात्र आपला आंबा हातातच धरला होता.

"पोरी, मे महिन्यात आपल्या टेंपोत फुलांसंगट आंब्याच्या पेट्या असत्यात," ते सावकाश म्हणाले. "मार्केटात फुलं गळाली, की घरी येऊन मी तुझ्या आईवर डाफरतो. शिळी फुलं तोडली म्हणतो. दरसाल."

बाबांनी दोन्ही बरण्या उचलून पिशवीत घातल्या.

"लय हुशार झालीस. आता घरी चल, आईला हे दाखव. माफी मी मागतो, पण तू जवळ उभी ऱ्हा."