भुशाची लांडगीण

पुण्याच्या एका चित्रपट कंपनीत मी जनावरं बनवायचो. फणा काढणारा नाग, सोंड उचलणारा हत्ती, मान वळवणारा गरुड. लाकडाचा सांगाडा, आत स्प्रिंगा आणि लांबून ओढायच्या तारा. नगरला मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलो होतो, ते असं कामी आलं.

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात आम्ही शेवगावजवळच्या माळावर चित्रीकरणाला गेलो. मेंढरांच्या कळपावर लांडगीण चालून येते, एवढाच प्रसंग. कातडं खरं होतं, एका शिकाऱ्याकडून आणलेलं. आत मी भुसा भरला होता. तारा ओढल्या की जबडा उघडायचा आणि मान वळायची. बाकी काही हलत नव्हतं.

मेंढरं भिमाजी नावाच्या धनगराची. सकाळी मी तारा ओढल्या, जबडा चांगला वीतभर उघडला, तरी मेंढरं खुशाल चरत राहिली. दिग्दर्शक राधाकृष्णपंत वैतागले.

"शमुवेल, मेंढरांनासुद्धा कळतंय की हे खोटं आहे."

दुपारी आम्ही बाभळीखाली भाकरी खायला बसलो. तारा सोडवून मी शेजारीच ठेवल्या होत्या. लांडगीण उन्हात एकटी उभी होती. एकाएकी कळप फुटला. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढत ओढ्याकडे पळाली. राधाकृष्णपंत हातातली भाकरी टाकून कॅमेऱ्याकडे धावले आणि सापडेल तेवढं टिपून घेतलं.

"झकास," परत येऊन ते म्हणाले. "तिचे कान टवकारलेस ते तर फारच उत्तम."

कान मी हलते केलेच नव्हते. वाऱ्यानं हलले असतील, असं मी म्हणालो. वारा नव्हता.

भिमाजी मेंढरं गोळा करून आला, पण लांबच थांबला.

"आमी चाललो, मास्तर."

"अरे, भुसा आहे त्यात. ये, हात लावून बघ."

"मी न्हाई लावनार. सकाळी तिचं पोट असं हुतं का?"

मी वळून पाहिलं. पोट खाली लोंबत होतं. मी घातलेले टाके ताणले गेले होते. भुसा सरकला असणार, मी मनाशी म्हणालो. तोवर भिमाजीनं कळप हाकलला होता.

"निदान तिचा एकटीचा चेहरा घेऊ," राधाकृष्णपंत म्हणाले. "तेवढं पोट नीट कर."

मी गुडघ्यांवर बसलो आणि टाके उसवले. कातडं गरम लागलं. ऊन होतंच. मी कोपरापर्यंत हात आत घातला.

भुसा ओला होता.

स्प्रिंग चाचपली. सापडली नाही. लाकूडही सापडलं नाही.

मी मान वर केली. लांडगिणीनं मान मागे वळवली होती. तारा अजून बाभळीखालीच पडलेल्या होत्या.

आत माझ्या करंगळीला काहीतरी मऊ लागलं. त्याला दात नव्हते. ते हळूहळू चोखू लागलं.