नऊशे पावलांवरचा डबा

डबा आणायचा होता आणि तोही त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चष्मीच्या घरचं सामान ट्रकमध्ये चढणार होतं. एकदा ट्रक हलला की चष्मी, तिची आई आणि त्यांच्या सतरा ट्रंका कायमच्या दुसऱ्या गावाला जाणार होत्या.

चष्मी म्हणजे आमची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. तिची आई रुग्णालयात परिचारिका. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मी मावशी म्हणायचे. मोहिमेची प्रमुख म्हणजे माझी ताई, वय वर्षं तेरा. मी अकरा वर्षांची. ताई जाईल तिकडे मी मागे मागे असायचे म्हणून माझं नाव पडलं होतं शेपूट. मला त्याचा राग यायचा, पण तोही मी ताईच्या मागूनच व्यक्त करायचे.

आदल्या उन्हाळ्यात आम्ही तिघींनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा रानापलीकडच्या खडकाच्या कपारीत लपवला होता. प्रत्येकीने आपली सगळ्यात मोलाची वस्तू त्यात ठेवायची, असं ठरलं होतं. ताईने धावण्याच्या शर्यतीचं पदक ठेवलं, मी निळी गोटी ठेवली. चष्मीने ठेवलं छातीवर टाचायचं एक उलटं घड्याळ. रुग्णाची नाडी मोजायला परिचारिका वापरतात ना, तसलं. ते मावशींना त्यांच्या वडिलांनी पहिल्या नोकरीच्या दिवशी दिलं होतं. चष्मीने ते न विचारता उचललं होतं, हे आम्हाला कळलं ते ट्रक यायच्या तीन दिवस आधी.

"वर्षभर तू गप्प बसलीस?" ताई ओरडली.

"उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले," चष्मी रडवेल्या आवाजात म्हणाली. "आई अजून शोधते गं. काल ट्रंका भरताना प्रत्येक साडी झटकून बघत होती."

बेत साधा होता. डबा काढायचा, घड्याळ आणायचं आणि गरम कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी सरकवायचं. नव्या घरी सामान उघडताना ते मावशींना सापडेल. कुणी कुणाला काही सांगायला नको. मला तेव्हा हा बेत फारच हुशारीचा वाटला होता.

नकाशा आमच्याकडे होता. आमचे बाबा मोजणीदार. जमिनी मोजता मोजता त्यांना अशी सवय लागली होती, की आईने जेवायला हाक मारली तर ते अंगणातून म्हणायचे, "आलो, बावीस पावलं!" आमच्या घरात लांबी पावलांतच सांगत. ताईने गेल्या वर्षी अख्ख्या वाटेची पावलं मोजून वहीच्या पानावर मांडली होती. फाटकापासून कोरड्या नाल्यापर्यंत चारशे दहा. नाला ओलांडून सरळ उगवतीकडे नऊशे. मग डावीकडच्या घळीत उतरायचं, की समोर कपार.

सकाळी आठला आम्ही निघालो. बरोबर पाण्याची एक मोठी बाटली, उकडलेले बटाटे, बाबांचं जुनं होकायंत्र आणि आईची कपडे वाळत घालायची दोरी. दोरी काढल्याचं आईला दुपारी कळणार होतं. तोवर आम्ही परत आलेलो असू, असं ताईचं म्हणणं होतं.

नाल्यापाशी पहिली गडबड झाली. तीनशे सत्तर पावलांतच नाला आला!

"चाळीस कमी कशी?" मी विचारलं.

"काठ ढासळून अलीकडे आला असेल," ताई म्हणाली. ती इतक्या ठामपणे म्हणाली की बिचाऱ्या नाल्यानेही मान्य केलं असतं. मला मात्र ते पटलं नव्हतं. पण मी तसं म्हणाले नाही, कारण शेपटाचं कोण ऐकतं!

नाल्यापलीकडे रान सुरू झालं. डोक्याच्या वर गेलेली काटेरी झुडपं, वाळलेलं गवत, पायाखाली करकरणारा पाचोळा आणि सगळीकडे एकच एक रंग, जुन्या पोत्यासारखा. दहा पावलं जाऊन मागे वळून बघितलं तर आलेली वाट दिसेना. वारा पडला होता. कुठेतरी एक पक्षी सारखा तेच तेच ओरडत होता आणि मध्येच थांबला की त्याहून जास्त भीती वाटत होती. ताई पुढे, ओठ हलवत पावलं मोजत, मध्ये चष्मी आणि मागे मी. गेल्या वर्षी याच रानात आम्ही गाणी म्हणत गेलो होतो. या वेळी कुणाला गाणं सुचत नव्हतं.

"नऊशे!" ताई थांबली. "आता डावीकडे."

डावीकडे घळ होती. पण गेल्या वर्षीची घळ उथळ होती, असं मला आठवत होतं. ही खोल होती आणि तिच्या उतारावर सुटी खडी पसरली होती.

"ही ती नाही," मी म्हणाले.

"पावलं बरोबर आहेत. चल."

चष्मीने पहिलं पाऊल टाकलं आणि खडी हलली. आधी थोडी. मग सगळीच! चष्मी घसरली. ताईने तिचा हात धरला आणि तीही घसरली. मी एका मुळीला लोंबकळले. मूळ तुटलं. खाली, खाली, खाली! दगड आमच्याबरोबर धावत होते. धाडकन आम्ही घळीच्या तळाला आदळलो.

धूळ बसली तेव्हा आम्ही तिघी होतो, एवढंच काय ते बरं. ताईचा गुडघा सोलवटला होता. चष्मीच्या चष्म्याची एक काच गेली होती. बाटली फुटली होती आणि आमचं सगळं पाणी वाळूने पिऊन टाकलं होतं.

"घाबरू नका," ताई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. ताईचा आवाज कापतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

तेवढ्यात समोरचं झुडूप हललं. एक रानडुकरीण बाहेर आली. तिच्यामागे चार पट्टेवाली पिल्लं. तिने मान खाली घातली आणि फुरफुरली.

"वर! त्या दगडावर!"

आम्ही चढलो. कशा चढलो, देव जाणे! डुकरीण धावत आली आणि दगडाला घासून वळली. पुन्हा आली. तिचा वास येत होता. चष्मी माझ्या दंडाला इतकी घट्ट धरून होती की चार दिवस तिथे निळे वळ राहिले. मी डोळे मिटले आणि आईला मनातल्या मनात सांगितलं की दोरी आम्हीच नेली आहे.

बऱ्याच वेळाने डुकरीण पिल्लांना घेऊन घळीत खालच्या अंगाला निघून गेली. तरीही आम्ही हललो नाही. ऊन माथ्यावर आलं होतं. जिभेला कोरड पडली होती. ताई गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि नकाशाकडे नुसती बघत होती.

मी तिच्या फ्रॉककडे बघत होते. दुसरं बघायला काही नव्हतंच. फ्रॉकच्या खालच्या कडेला दोन गडद रेघा होत्या, कारण आईने वर्षभरात दोनदा दुमड सोडून तो लांब केला होता. माझ्या अंगातला फ्रॉकसुद्धा ताईचाच होता, गेल्या वर्षीचा. तो मला एकही टाका न घालता बसला होता.

माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"ताई, नकाशा बरोबर आहे. चूक तुझीच आहे!"

"काय?"

"तू वाढलीस! तुझी ढांग लांब झाली. म्हणून नाला लवकर आला आणि म्हणून नऊशे पावलांत आपण पुढे गेलो. ही पुढची घळ आहे. गेल्या वर्षी तू माझ्याएवढी होतीस. पावलं मी मोजायला हवीत."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे. मोजणीदाराच्या मुलीला याहून मोठा अपमान नव्हता आणि मला तिची फार कीव आली. पण ती रागावली नाही. "माझ्या लक्षातच आलं नाही गं," एवढंच म्हणाली.

वर जायला दोरी कामाला आली. ताईने चष्मीला खांद्यावर घेतलं, चष्मीने घळीत झुकलेल्या एका खोडाला दोरी बांधली आणि मग एकेक करून आम्ही वर आलो. शेवटी ताई. तिचा पाय एकदा निसटला! दोरी ताणली. गाठ करकरली. आम्ही दोघींनी मागे रेलून ओढलं आणि ताई छातीवर सरपटत काठावर आली.

"घरी जाऊया," मी म्हणाले. मला खरंच घरी जायचं होतं.

"माझी आई..." चष्मी म्हणाली आणि दोरी गुंडाळायला लागली.

होकायंत्र धरून आम्ही पुन्हा नाल्यापाशी गेलो. मी पाय जुळवून उभी राहिले आणि चालायला लागले. एक, दोन, तीन. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे कुणी नव्हतं. नुसती झुडपं. दोनशेला वाटलं, चुकलो. पाचशेला खात्रीच झाली. मागे वळावं तर ताई निमूट चालत होती. तिच्या तोंडाकडे बघून मी पुन्हा पुढे बघितलं. आठशे नव्वद. आठशे पंचाण्णव. नऊशे!

डावीकडे उथळ घळ होती. तिच्या टोकाला आमची कपार!

आम्ही धावलो. दहा हातांवर ताईने आम्हाला मागे खेचलं. कपारीच्या तोंडावर काळंभोर, हलणारं असं काहीतरी लोंबत होतं. मधमाश्या! सुपाएवढं मोहोळ. त्याच्या मागे, आतल्या अंधारात, डब्याचा कोपरा दिसत होता.

"काड्यापेटी आहे माझ्याकडे," ताई म्हणाली. "धूर करू."

"नाही!" मी म्हणाले. "गवत बघ किती वाळलंय. रानासकट आपणही पेटू."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मलाही माझा आवाज ओळखू आला नाही.

चष्मीने एक लांब काठी उचलली, पुढे गेली आणि कपारीत घातली. पत्रा वाजला. डबा हलला! पण त्याबरोबर मोहोळही हललं आणि आवाज एकदम चढला.

"पळ!"

आम्ही पळालो. काटे लागले, कपडे फाटले, कुणी थांबलं नाही. ताईच्या मानेला दोन डंख, मला कानाला एक, चष्मीच्या हाताला सहा. नाल्यात उडी टाकून आम्ही पालथ्या पडलो, तेव्हा कुठे तो आवाज मागे राहिला.

"आता अंधार पडायच्या आत घरी," मी म्हणाले. "घड्याळ नाही मिळणार, चष्मे."

मला वाटलं ती रडेल. तिने सुजलेला हात फ्रॉकला पुसला. "चल. मी सांगते आईला."

उन्हं उतरली तेव्हा आम्ही पोचलो. मावशी भांडी कागदात गुंडाळत होत्या. आमचे अवतार बघून त्यांनी आधी डंख काढले, पाणी पाजलं, गुडघा धुतला आणि मग तोंड उघडलं. "कुठे उलथला होतात?"

चष्मीने सगळं सांगितलं. डबा, घड्याळ, ट्रंकेचा बेतसुद्धा. मध्ये एकदाही थांबली नाही.

मी चापटीची वाट बघत होते. ती आलीच नाही. मावशी मटकन ट्रंकेवर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता.

"आयाबाई," त्या हळूच म्हणाल्या. "अगं, वर्षभर मला वाटत होतं की ते आमच्या वॉर्डातल्या आयाबाईंनी घेतलं. घड्याळ नाही हे कळलं, तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत त्याच होत्या. खात्री नव्हती, म्हणून घरीही शोधत राहिले आणि तोंडाने काही बोलले नाही. पण त्यांच्याशी बोलणंच सोडलं."

त्यांनी चपला घातल्या. "चला. तिघीही."

"उद्या ट्रक..." चष्मी म्हणाली.

"ट्रक सकाळी आहे."

आयाबाई रुग्णालयात वॉर्डाची झाडलोट करायच्या, रुग्णांचं हवं-नको बघायच्या. त्यांचं घर मागच्या गल्लीत होतं, एकच खोली, दाराला निळा रंग. त्यांनी दार उघडलं आणि मावशींना बघून चकित झाल्या. मावशींनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. हात जोडले. नेहमी वॉर्डभर ऐकू येणारा त्यांचा आवाज तेव्हा मलाही नीट ऐकू येत नव्हता.

"माहीत होतं मला, सिस्टर," आयाबाई म्हणाल्या. "मी खोलीत आले की तुम्ही पर्स उचलून घ्यायच्या. घरी येऊन रडायचे मी. कुणाला सांगणार?"

मावशींनी मान खाली घातली. ते घड्याळ मिळालं असतं आणि ट्रंकेत तळाशी गेलं असतं, तर आम्ही तिघी किती खूश झालो असतो आणि आयाबाई मात्र इथे तशाच रडत राहिल्या असत्या, हे तेव्हा कळलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

आयाबाईंनी दार पूर्ण उघडलं. मग चष्मीपुढे खाली बसल्या आणि तिचा सुजलेला हात हातात घेतला. "तूच सांगितलंस आईला?"

चष्मीने मान हलवली.

"भीती नाही वाटली?"

चष्मीने आमच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "वाटली. मधमाश्यांपेक्षा जास्त," ती म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदा हमसून हमसून रडायला लागली.