टाकीचा आकडा हलत का नाही?

चंद्रावरच्या वसाहतीत राहणाऱ्या ऋजुताला मोजूचा संशय येऊ लागला होता. मोजू हा पाण्याच्या टाकीवर नेमलेला यंत्रमानव (माणसाची कामं करणारं यंत्र). सोमवारी तो म्हणाला, "टाकीत चार लाख सत्तर हजार लिटर पाणी." शनिवारीही तेच! आणि पालकाच्या वाफ्यातली नळाची धार तर बारीक होत चालली होती.

"मामा, मोजू थापा मारतोय."

हेरंबमामा वसाहतीचे शास्त्रज्ञ. ते हसले. "अगं, वापरलेलं पाणी शुद्ध करून आपण टाकीतच परत सोडतो. आकडा बदलेल कशाला?"

"पण एक लिटरसुद्धा इकडेतिकडे नाही?"

मामांचं हसू मावळलं. दोघं टाकीपाशी गेले.

"मोजू, काय लपवतोयस?" ऋजुताने दरडावलं.

"काही नाही. मला दशहजारापर्यंत आसन्न किंमत (खऱ्या संख्येच्या जवळची, सोयीची संख्या) सांगायला शिकवलंय."

"मग खरी संख्या दाखव. सोमवारची आणि आजची."

पडद्यावर आकडे उमटले: ४,७४,८१२ आणि ४,६५,३०६.

"दोन्ही वेगळे! मग उत्तर एकच कसं?"

"दशहजाराच्या उजवीकडचा अंक बघ," मामा म्हणाले. "सोमवारी तिथे ४ होता. पाचापेक्षा लहान, म्हणून दशहजाराचा ७ तसाच राहिला आणि पुढे सगळी शून्यं. आज तिथे ५ आहे. पाच किंवा जास्त असेल तर दशहजाराचा अंक एकाने वाढतो. सहाचे सात झाले."

"म्हणजे दोन्ही वेळा ४,७०,०००," ऋजुता पुटपुटली. "मोजू, आता हजारापर्यंत सांग."

"सोमवारी ४,७५,०००. आज ४,६५,०००."

"मामा! जवळजवळ दहा हजार लिटर पाणी गेलं कुठे?"

मामा धावलेच. टाकीखालच्या नळीला चीर गेली होती. पाणी झिरपून खालच्या पोकळीत गोठत होतं. संध्याकाळपर्यंत नळी बदलली गेली.

"तो बर्फ?" ऋजुताने विचारलं.

"वितळवून परत घेऊ. पुढच्या महिन्यात पृथ्वीवरून नवी कुटुंबं येतायत, त्यांना पुरेल."

ऋजुता मोजूकडे वळली. "मी उगाच तुला खोटारडा म्हटलं."

"तू विचारलंस ते बरं झालं," मोजू म्हणाला. "उद्यापासून आकड्याबरोबर तो कुठल्या स्थानापर्यंतचा आहे, तेही सांगत जाईन."