लेबलावरची रिकामी ओळ

सकाळपासूनचा एकोणिसावा चमचा तिच्या तोंडात होता आणि तो दार ढकलून आत आला. दारावर लाल अक्षरांत 'चाचणी चालू आहे, आत येऊ नये' असं लिहिलेलं. लेबलांचा मजकूर लिहायला सहा आठवड्यांसाठी घेतलेला माणूस, आणि त्याला एवढं वाचता येऊ नये!

तिने मेयोनीज वाटीत थुंकलं. मग जीभ साफ करायला फिक्या उकडलेल्या बटाट्याचा तुकडा चघळला, तोही थुंकला. चाखायचं, गिळायचं नाही, हा कारखान्याचा नियम.

"कुठल्या देशातले लोक हे कशाशी खातात, तेवढं सांगा," तो ओशाळून म्हणाला. "बरणीवर छापायचंय."

तिने थकल्या आवाजात सांगितलं. कुठे तळलेल्या बटाट्यांवर आंबटसर लागतं, कुठे भातावर नि पिझ्झावर गोडसर पिळतात, कुठे लिंबाशिवाय चालत नाही, तर कुठे अंडंच चालत नाही.

"आणि तुम्ही... कशाशी खाता?"

"मी खात नाही."

मग तो रोजच येऊ लागला. देश संपत आले तसं विचारलेलंच पुन्हा विचारू लागला. तिला ते कळत होतं, पण बोलायचे कष्ट कोण घेणार? आठ वर्षं जगाच्या जिभेचे चोचले पुरवून तिच्याच जिभेची चव गेली होती. आईने काहीही वाढलं तरी ती 'ठीक आहे' एवढंच म्हणायची. फक्त हल्ली अकरा वाजले की कान दाराकडे लागायचे.

आज त्याचा शेवटचा दिवस. उद्यापासून दार कोणी ढकलणार नव्हतं, आणि ते तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्याने एक लेबल पुढे ठेवलं. 'कशाशी खावे' यापुढची ओळ कोरी होती. मग सरळ तिच्या बशीतल्या बटाट्यावर चमचाभर मेयोनीज घातलं... जीभ साफ करायच्या बटाट्यावर!

"हे तुमच्या घरचं लेबल. काय लिहू?"

तिने तुकडा तोंडात टाकला. सवयीने हात वाटीकडे गेला, आणि थांबला. तिने घास गिळला. मीठ जरा कमी होतं, आणि डोळे उगाच भरून आले.

"लिहा, उकडलेल्या बटाट्याशी," ती म्हणाली. "पण एकटीने नाही. तुम्ही जाऊ नये, असं वाटतं मला."

त्याने पेन काढलं, ओळ बोटाने मोजली आणि विचारलं, "'दोघांनी' मावेल ना?"