बदकीणबाई सॉरी म्हणत नाहीत

आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाद मी हरले, कारण माझा अर्धा जबडा बधिर होता.

दातांच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन मी बाहेर बाकावर बसले होते. समोर टीव्हीवर लागलं होतं कार्टून, तेही मी लिहिलेलं. तळ्यावरच्या बदकीणबाई सगळ्यांना ढकलून रांगेत पुढे घुसत होत्या. शेजारी सुजलेल्या गालाचा एक उंच तरुण बसला होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मी पेपरात कार्टूनवर लिहितो. इतकं वाईट लिहिलेलं पात्र दुसरं नाही बघा. भांडखोर, हट्टी, कधी सॉरी म्हणायची नाही... असं माणूस आवडेल का कुणाला?"

मी तोंड उघडलं. बाहेर आली फक्त लाळ. त्याने हळूच रुमाल पुढे केला आणि हसला. काय सांगू, सुजलेला गालसुद्धा त्याला शोभत होता.

आता बदकीणबाई म्हणजे कोण, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. पहिला भाग लागला तेव्हा आई म्हणाली होती, "अगं, ही तर तूच!" म्हणून पुढच्या शनिवारी रुमाल परत करताना मी एका ऑफिसात नोकरी करते, असं ठोकून दिलं.

रूट कॅनलचं एक बरं असतं, एका फेरीत भागत नाही. दर शनिवारी आम्ही त्याच बाकावर. मी विचारायचे, न आवडणारं माणूस आणि वाईट लिहिलेलं माणूस एकच कसं? तुम्हाला तुमच्या मावशीचा राग येतो, म्हणून मावशी काय खोटी ठरते? तो डोकं खाजवायचा, हसायचा, आणि पुढच्या वेळी नवा मुद्दा घेऊन यायचा. दाढ कधीच दुखायची थांबली होती... मी मात्र शनिवारची वाट बघायचे.

एकदा वाद चिघळला आणि माझा पारा चढला. तुम्हाला पात्रं कळत नाहीत, माणसं काय कळणार, असं मी सगळ्यांदेखत बोलून गेले. त्याचा चेहराच उतरला. मला लगेच वाईट वाटलं, पण सॉरी हा शब्द लहानपणापासून माझ्या घशात अडकतो. माझा नंबर त्याच्या आधीचा होता. नंबराचा माझा प्लॅस्टिकचा बिल्ला मी मुकाट्याने त्याच्या हातात कोंबला, त्याचा घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तो बिल्ल्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. तेवढ्यात त्याला आत बोलावलं. बाहेर आला तो बधिर तोंडाने, आणि तसाच निघून गेला.

तो आठवडा कसा काढला, माझं मला माहीत. बदकीणबाई म्हणजे मीच, हे त्याने ओळखलं असणार. आणि असं माणूस कुणाला आवडत नाही, हे त्यानेच तर सांगितलं होतं.

शनिवारी तो माझ्या आधीच येऊन बसला होता.

"सगळे भाग पुन्हा पाहिले," तो म्हणाला. "प्रत्येक भांडणानंतर ती रांगेतली आपली जागा दुसऱ्याला देते. गुपचूप. मला ती आवडत नव्हती, म्हणून मी नीट बघितलंच नाही... आणि लिखाणाला नावं ठेवून मोकळा झालो. चूक माझी. तसं छापायलाही दिलंय." मग हळूच, "ऑफिसातली नोकरी खोटी ना?"

मी मान हलवली. "लिखाणाचं कळलं. आणि... बाई?"

"भांडखोर आहे. हट्टी आहे. सॉरी म्हणत नाही." त्याने हातातला बिल्ला बोटांत फिरवला. "आवडते मला. फार आवडते."

हुश्श! इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं, आणि डोळ्यांत पाणीच आलं.

आतून नंबर पुकारला. त्याचा होता. त्याने बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली.

"आधी तू," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू'.

खुर्चीत बसले तरी ओठ मिटेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा हसणं थांबवा, मला काम करायचंय. मला नाही थांबवता आलं. आणि मी सॉरीही म्हटलं नाही.