तिनडोळ्याचा लाल डोळा

"भंगारवाल्याचा टेम्पो चार वाजता येईल," मालोजीराव म्हणाले. "तोवर पोरांनो, मशीन पुसून ठेवा. गावाची वस्तू आहे. मळकी जायला नको."

पळसकोंडच्या मोठ्या माणसांची ही जुनी रीत. वस्तूवर वर्षानुवर्षं फडकं फिरवायचं नाही आणि टाकून द्यायच्या दिवशी तिची अब्रू सांभाळायची. मालोजीराव ग्रामविकास मंडळाचे अध्यक्ष. ते अध्यक्ष कधी झाले हे कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे कधी उतरणार हेही कुणी विचारत नसे. सभागृहातल्या पेटाऱ्याचं कुलूप काढून ते चहाला गेले.

पेटाऱ्यात तिनडोळ्या होता. खरं नाव व्हिडिओ प्रोजेक्टर. मुंबईकर मंडळींनी चौऱ्याण्णव साली गावाला भेट दिलेला. मोठ्या ट्रंकेएवढा, आणि पुढे वाटीएवढी तीन भिंगं. आतल्या तीन नळ्या लाल, हिरवं आणि निळं अशी तीन चित्रं एकाच पडद्यावर टाकायच्या, आणि बघणाऱ्याला ती एकच दिसायची.

"पण लाल जळलाय ना?" राजनंदिनीने विचारलं. ती महाडहून मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे आली होती. "मागच्या आठवड्यात मेकॅनिक आला होता, तो म्हणाला."

"त्याने झाकण तरी उघडलं का?" प्रितम म्हणाला. "पडद्यावर सगळी माणसं हिरवीनिळी दिसली, तर म्हणाला लाल ट्यूब गेली. दोन कप चहा प्यायला आणि गेला."

"चहा तीन कप होता," त्याची धाकटी बहीण उज्वला म्हणाली. "मी नेऊन दिला."

लाल कुणी जाळला हे सगळ्या गावाला 'ठाऊक' होतं: प्रितम-उज्वलाच्या आजोबांनी, श्रीपतआबांनी. मशीन तेच चालवायचे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी भिंगं पुसली आणि त्याच संध्याकाळी पडद्यावरून लाल रंग गेला. मालोजीरावांनी पेटाऱ्याला कुलूप घातलं. तेव्हापासून आबांच्या हातात कुणी साधी बॅटरीसुद्धा दुरुस्तीला दिली नव्हती. आणि आज चार वाजता मशीन गेलं, की आबांच्या बाजूने बोलणारं काही उरणारच नव्हतं.

"कुलूप उघडं आहे," राजनंदिनी हळूच म्हणाली. "आबांना बोलवू या?"

आबा ओटीवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन पावसाळ्यानंतर.

"कुलूप उघडं हाय?" त्यांनी दोनदा विचारलं आणि काठी घेऊन निघाले. अठ्ठावीस वर्षांत ते सभागृहाची पायरी चढले नव्हते.

"प्लग काढलेला हाय ना?"

"आठवडा झाला, आबा."

"तरी आतल्या कशाला हात लावायचा नाय. त्यात वीज दडून ऱ्हाते. माझे डोळे गेलेत, म्हणून तुम्ही बघायचं आणि मला सांगायचं. हात माझे."

चाचपत त्यांनी चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. तिघं वाकले. काचेच्या तीन नळ्या शेजारी शेजारी झोपल्या होत्या. प्रत्येकीच्या मानेवर तळहाताएवढा हिरवा सर्किट बोर्ड बसवलेला, आणि त्यावर तांब्याच्या रेघा भातखाचरांच्या बांधांसारख्या वळत गेलेल्या. इतकं बारीक काम कुणीतरी एवढं नीट केलं होतं, आणि ते इतकी वर्षं अंधारात पडून होतं.

"तीन बोर्ड म्हणजे तिघी बहिणी," आबा म्हणाले. "हुबेहूब सारख्या. एकीच्या अंगावर दुसरीकडं नाय असं काय दिसलं, तर दुखणं तिथं."

"म्हणजे पेपरातलं 'फरक ओळखा'," राजनंदिनी म्हणाली. तिने मोबाइलवर तिन्ही बोर्डांचे फोटो काढले आणि एकाशेजारी एक लावले.

"लालमध्ये कोळी आहे," उज्वला म्हणाली.

"तो भाडेकरू आहे. पुढे बघ."

"हिरव्याच्या कोपऱ्यात डाग आहे."

"गंजाचा. निळ्यातही आहे."

तिघं फोटो मोठे करकरून बघत राहिले. सव्वातीन वाजले होते.

"तार," प्रितम म्हणाला. "लालकडे येणारी पिवळी तार मध्येच कापलीये. तिथून करडी तार जोडून बाहेर नेलीये. बाकी दोघींकडे करडी तार नाहीच."

विजेच्या कामातली जुनी खबरदारी म्हणून आबांनी एक हात खिशात घातला. दुसऱ्या हाताचं बोट प्रितमने दाखवलेल्या जागी अलगद टेकवलं.

"तारेच्या जोडावर कंपनीचा कथलाचा डाग मोहरीएवढा असतो," ते म्हणाले. "माझा तांदळाएवढा. आणि हा बघ रे, चिंचोक्याएवढा. हा डाग माझा नाय." बोट तिथंच ठेवून ते पुन्हा म्हणाले, "माझा नाय हा."

करडी तार मशीनच्या मागून निघून भिंतीवर चढली होती. दर दिवाळीला भिंतीबरोबर तिलाही रंग मिळाल्यामुळे ती भिंतच झाली होती. उज्वला नखाने तिचा माग काढत गेली. तार खिडकीखालून गेली, वळली आणि देणगीदारांच्या नावांच्या फळीमागे शिरली. फळीवर पहिलं नाव मालोजीरावांचं. मुलांनी फळी उतरवली. मागे एक काळं बटण होतं. खाली पाडलेलं.

इतक्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि भंगारवाल्यासह मालोजीराव आत आले. मागोमाग दहाबारा बघे आले. पळसकोंडात हॉर्नला तेवढे येतातच.

"श्रीपत इथे कसा?" मालोजीरावांनी विचारलं. "आणि फळी कुणी काढली?"

प्रितम काही बोलणार तोच राजनंदिनीने त्याच्या पायावर पाय दिला. "काका, धूळ पुसत होतो. हे बटण कसलं हो? कुणालाच माहीत नाही."

मालोजीरावांना माहिती विचारलेली आवडे. त्यांचा चेहरा खुलला.

"हे होय? अगं, हे रक्ताचं बटण. सिनेमात मारामारी लागली की बायकापोरं घाबरायची. हा श्रीपत बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस मुंबईला होता, तेव्हा मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक वायरमन आणला. मशीनही त्यानेच चालवलं. मी इथे बसायचो, फळीमागे हात घालून. मारामारी आली की बटण खाली, रक्त बंद."

"शेवटचा सिनेमा कुठे संपला होता?" राजनंदिनीने विचारलं.

"मारामारीतच. सगळे सिनेमे मारामारीतच संपतात."

"मग बटण परत वर केलंत?"

"कशाला? पिक्चर संपला होता ना."

भंगारवाल्याच्यासुद्धा ध्यानात काहीतरी आलं.

"काका," उज्वलाने विचारलं, "रक्त कुठल्या नळीतून येतं?"

मालोजीराव बटणाकडे बघत राहिले. "मी रक्त बंद केलं होतं," ते सावकाश म्हणाले. "लाल नव्हतं बंद केलं." मग स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू आलं, आणि ते खुर्चीवर बसले.

आबांनी झाकण लावलं, प्लग लावला. खिडक्या बंद झाल्या. जुना व्हीसीआर गुरगुरला. आत पंच्याण्णव सालच्या शिमग्याची टेप होती. पडद्यावर हिरवीनिळी पालखी डोलू लागली.

"कर वर," आबा म्हणाले.

प्रितमने बटण वर केलं. पडद्यावर एक लाल पालखी उगवली. पण ती हिरव्यानिळ्या पालखीपासून वीतभर लांब नाचत होती.

"बिघडलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"बिघडलं नाय. वाट चुकलंय," आबा म्हणाले आणि मशीनच्या बाजूच्या खुंट्या चाचपू लागले. "सांगा रे."

"डावीकडे, आबा. अजून. आता वर. थोडं खाली. केसभर... बस."

लाल पालखी सरकत आली आणि दुसऱ्या पालखीवर अलगद बसली. आणि पडद्यावर माणसं झाली. सावळी, घामेजलेली, खरी. पालखीवर गुलालाची मूठ उडाली. मघापर्यंत काळ्या धुरासारखा दिसणारा तो गुलाल आता लालेलाल होऊन अख्ख्या भिंतीवर पसरला, आणि अंधारात बसलेल्या सगळ्यांचे चेहरे उजळले. पुढे म्हातारी बनुबाई बसली होती, तिने नकळत कपाळाला हात लावला आणि बोटं उलटसुलट करून पाहिली.

"आबा, तुम्हाला दिसतंय?" प्रितमने विचारलं.

"माणसं नाय दिसत," आबा म्हणाले. "लाल दिसतंय."

टेप संपली. दिवे लागले. मालोजीराव उठले, त्यांनी घसा साफ केला, आणि गावाने सवयीने मान खाली घातली. पण भाषण आलं नाही. ते आबांसमोर जाऊन उभे राहिले.

"श्रीपत, मशीन तू जाळलं नाहीस. जाळलंस असं मी अठ्ठावीस वर्षं सांगत आलो. चूक माझी." मग मुलांकडे वळून म्हणाले, "आणि ती शोधली या तिघांनी. आम्हा सगळ्यांना मिळून एक झाकण उघडता आलं नाही."

पेटाऱ्याच्या कुलपाची किल्ली त्यांनी आबांच्या हातात ठेवली. भंगारवाल्याला कुणीतरी आठवण करून दिली की चार वाजून गेले. तो म्हणाला, "जातो. पण ती पालखी आणखी एकदा लावता का?"

आबांनी किल्ली कनवटीला लावली. तेवढ्यात बनुबाई काठी टेकत पुढे आली आणि पदराआडून एक जुनी बॅटरी काढून तिने त्यांच्या हातात ठेवली.

"लय वर्षं पेटत नाय," ती म्हणाली. "बघ जरा."