शेवंती यादी पाठ करत नाही

मामा आला, मावशी आली. मग इंग्रजीत मामा खेळला तर ‘प्लेड’, मावशी खेळली तर काय? चांद्रतळावरच्या शाळेत अकरा वर्षांच्या शेवंतीनं बेधडक लिहिलं, ‘प्लेडी’.

तिचे गुरुजी म्हणजे यंत्रमानव (माणसासारखं काम करणारं यंत्र). मुलांनी त्याचं नाव काटेकर ठेवलं होतं. काटेकरनं लाल दिवा लावला. “चूक. दोन हजार क्रियापदं, आठ हजार रूपं. संध्याकाळपर्यंत पाठ. नाहीतर दुर्बिणीकडे जाणाऱ्या गाडीत तुला जागा नाही.”

चंद्राच्या पलीकडच्या अंगाची ती दुर्बीण! तिच्यासाठी शेवंती दोन वर्षं थांबली होती.

“नाही करणार पाठ,” ती म्हणाली आणि तडक इंदूआत्याच्या प्रयोगशाळेत शिरली. आत्या चांद्रधुळीचा अभ्यास करायची.

“प्लेडी? गोड आहे की गं!” आत्या हसली. “आपलं क्रियापद (काम सांगणारा शब्द) बाई की पुरुष ते बघून रूप बदलतं. इंग्रजी तसं बघतच नाही. काल घडलं ना? मग आय, यू, ही, शी, दे, सगळ्यांना एकच. प्लेड.”

“मग बदलतं कधी?”

“रोजचं सांगताना. आय प्ले, यू प्ले, वुई प्ले, दे प्ले. फक्त ही, शी, इट आले की शेवटी एस चिकटतो, प्लेज. आत्ता चालू असेल तर शी इज प्लेइंग. उद्याचं असेल तर आधी विल, शी विल प्ले. झालं!”

“एवढंच? मग आठ हजार कुठून आले?”

“नियमित क्रियापदं (एकाच नियमानं चालणारी) पाठ करायची नसतातच, बयो. तुम्ही फेर धरता तेव्हा काय म्हणता?

आली आली मावशी, काय तिनं आणलं?
चांदण्याच्या चिंध्यांचं लुगडं आणलं!

ओळ तीच, पाहुणे नवे. शंभर पाहुण्यांची शंभर गाणी कोण पाठ करतं?”

शेवंती उड्या मारत काटेकरपुढे उभी राहिली. “विचार!”

“क्लीन.”

“शी क्लीन्स, शी क्लीन्ड, शी इज क्लीनिंग, शी विल क्लीन.”

“गो.”

“तो हट्टी! गो, ईट, कम नियमाला जुमानत नाहीत, त्यांना करते पाठ. पण शहाण्यासारखं वागणाऱ्यांना कशाला घोकू? आता माझी पाळी. ब्लून!”

काटेकर घरघरला. “असा शब्द नाही.”

“आज सकाळी आत्याच्या तुकडीनं नवा घडवलाय. विजेच्या भारानं उचललेली धूळ तरंगत तरंगत खाली बसते ना, ते. इट ब्लून्स. काल इट ब्लून्ड. आत्ता इट इज ब्लूनिंग. उद्या इट विल ब्लून. आहे तुझ्या यादीत?”

“नियमपुस्तिकेत पाठांतर लिहिलं आहे.”

“मग पुस्तिका बदल. मी नाही बदलणार!”

काटेकरनं आठ हजार रूपं चाळली, तोवर दिवा लालच राहिला. मग विझला.

“तपासता येत नाही,” काटेकर म्हणाला, “म्हणून चूकही म्हणता येत नाही. जागा क्रमांक सहा.”

गाडी काळ्या आभाळाखाली निघाली. शेवंतीनं काचेला नाक लावलं. दुर्बिणीत उद्या काय दिसेल? एखादा तारा असं काही करत असेल, की त्याला अजून कुठल्याच भाषेत शब्द नसेल.

नसू दे. आपण घडवू. आणि लगेच नियमानं चालवूही.